फ्रिज म्हणजे कपाट नव्हे

मे महिन्यातील एका दुपारची गोष्ट. ऊन मी म्हणत होते. दवाखाना बंद करण्याच्या बेतात असतानाच दारात रिक्षा थांबली आणि तिघे उतरले. पंचविशीची सूनबाई, तिची सासू आणि नवरा. सूनबाईला धड उभे राहवत नव्हते. अकराच्या सुमारास जेवण झाले आणि दोनच्या आत सात-आठ उलट्या! जीभ कोरडी पडलेली, नाडी जलद, डोळे खोल गेलेले. "काय खाल्लं होतं?" असे विचारताच नवरा चटकन म्हणाला, "बाहेरचं काय बी खाल्ली नाही की ओ डॉक्टर! घरातलंच हाय, फ्रिजमधलं."

सलाइन लावले आणि मग सावकाश चौकशी केली. रविवारी त्यांच्याकडे वास्तुशांत होती. भात बराच उरला. पाहुणे जाईपर्यंत, म्हणजे रात्री साडेदहापर्यंत, पातेले ओट्यावरच होते. मग ते भरलेले पातेले तसेच फ्रिजमध्ये गेले. सोमवारी दुपारी तीन तास वीज नव्हती. मंगळवारी सकाळी त्या भाताला फोडणी दिली. घरातल्या इतरांसाठी ताजी भाकरी आणि पिठले झाले आणि भात एकट्या सूनबाईच्या ताटात आला. सासूबाई खाली मान घालून म्हणाल्या, "टाकायचं जिवावर येतं ओ साहेब. बासमती होता."

सूनबाई दुसऱ्या दिवशी हसत घरी गेली. पण नवऱ्याचे ते वाक्य मात्र माझ्या मनातून गेले नाही. "फ्रिजमधलंच हाय" हे त्याने जणू चांगुलपणाचे प्रमाणपत्र म्हणून सांगितले होते. गेली अनेक वर्षे मी हे वाक्य वेगवेगळ्या तोंडांतून ऐकत आलो आहे. फ्रिजमध्ये ठेवले म्हणजे अन्न ताजे राहिले, अशी आपली पक्की समजूत झालेली आहे. ती चुकीची आहे आणि आपल्या सोलापूरच्या हवेत तर ती धोक्याची आहे, एवढेच आज सांगायचे आहे.

फ्रिज नेमके काय करतो?

अन्न बिघडवणाऱ्या जंतूंना वाढण्यासाठी तीन गोष्टी लागतात: ओल, ऊब आणि वेळ. या तिन्ही मिळाल्या की कित्येक जंतू वीस-वीस मिनिटांत दुप्पट होतात. एका जंतूपासून हिशेब करा. सात तासांत एकवीस वेळा दुप्पट झाले की त्याचे सुमारे एकवीस लाख होतात! साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस हा त्यांच्या वाढीचा टप्पा. म्हणूनच अन्न एकतर वाफाळते गरम असावे किंवा पाच अंशांखाली थंड असावे, मधल्या टप्प्यात ते रेंगाळू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित अन्नाची जी पाच सूत्रे २००१ साली जाहीर केली, त्यात सांगितले आहे.

फ्रिज या तिहींपैकी फक्त ऊब काढून घेतो. जंतूंना तो मारत नाही, त्यांचा वेग मंद करतो. जे अन्न फ्रिजमध्ये जाण्याआधीच पाच-सहा तास ओट्यावर पडून होते, त्याचे गेलेले तास फ्रिज परत आणून देत नाही. बर्फ साठवायचा जो कप्पा असतो ना, तो उणे १८ अंशांपर्यंत गेला तरी तिथेही बहुतेक जंतू मरत नाहीत, झोपी जातात. बाहेर काढून ऊब मिळाली की पुन्हा जागे होतात.

वरच्या प्रसंगातील भाताचेच पाहा. तांदळात 'बॅसिलस सेरियस' नावाचा जंतू बीजरूपाने असतो. भात शिजवला तरी ती बीजे मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला की ती रुजतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. हे विष इतके चिवट असते की नंतर कितीही कडक फोडणी दिली, परतले, उकळले, तरी ते नष्ट होत नाही. खाल्ल्यापासून तास-दोन तासांत, फार तर पाच-सहा तासांत उलट्या सुरू होतात. हाताच्या जखमेतून, नाका-घशातून अन्नात जाणाऱ्या 'स्टॅफिलोकोकस' जंतूचे विषही असेच उकळीला दाद देत नाही. बासुंदी, श्रीखंड, पेढे यांतून होणाऱ्या विषबाधेत पुष्कळदा त्याचा हात असतो. तेव्हा "चांगलं उकळून घेतलं की काही होत नाही" हेही पूर्ण सत्य नव्हे.

आणि "वास तर येत नाही ना?" ही आपली घरगुती परीक्षा! ज्या जंतूंमुळे अन्न आंबते, बुळबुळीत होते, ते वेगळे. माणसाला आजारी पाडणारे बरेचसे जंतू अन्नाचा वास, चव, रंग काहीच बदलत नाहीत. नाकाने नापास केलेले अन्न टाकावेच, पण नाकाने पास केलेले सुरक्षित असेलच असे नाही.

आपला उन्हाळा आणि आपला फ्रिज

फ्रिजची माहिती देणारी पुस्तके बहुधा थंड देशांत लिहिलेली असतात. तिथे खोलीचे तापमान वीस-बावीस अंश धरलेले असते. आपल्याकडे मार्च सरला की पारा चाळिशीकडे झेपावतो आणि एप्रिल-मेमध्ये ४२-४३ अंश हे कुणाला नवल वाटत नाही. पत्र्याच्या छताखालील स्वयंपाकघरात तर त्याहून अधिक. शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असा सर्वसाधारण नियम आहे. पण हवा ३२ अंशांच्या वर असेल तर ही मुदत एकच तास धरावी, असे अमेरिकेचे कृषी खाते तिथल्या नागरिकांना सांगते. म्हणजे सोलापुरात वर्षातले निदान तीन महिने दिवसभर एक तासाचाच नियम लागू आहे! आपल्यापैकी किती घरांत दुपारच्या जेवणाची आमटी एका तासात आत जाते?

फ्रिज कोणत्या हवेसाठी बनवला आहे, याचेही वर्ग असतात. आतल्या बाजूस किंवा मागे चिकटवलेल्या पट्टीवर इंग्रजी अक्षरांत ते लिहिलेले असते. 'एन' म्हणजे बाहेरची हवा ३२ अंशांपर्यंत, 'एसटी' म्हणजे ३८ अंशांपर्यंत आणि 'टी' म्हणजे ४३ अंशांपर्यंत. आपल्याकडे फ्रिज घेताना रंग पाहतो, लिटर पाहतो, हप्ता किती बसेल ते पाहतो, वीज वाचवणारे तारे मोजतो. पण हे अक्षर कुणी पाहत नाही. सोलापुरात 'टी' शिवाय दुसरा फ्रिज घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातही तो भिंतीला घट्ट चिकटवून, शेगडीशेजारी किंवा पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीजवळ ठेवला, तर बिचाऱ्याने काय करावे? आतली उष्णता बाहेर टाकणे हेच त्याचे काम. त्याला मागे आणि बाजूंना निदान चार बोटे मोकळी जागा हवी.

आत खरोखर किती थंड आहे हे कसे कळावे? आतील बटणावरचे १, २, ३, ४ हे आकडे म्हणजे अंश नव्हेत. बहुतेक फ्रिजमध्ये आकडा मोठा तेवढा गारवा अधिक. पुष्कळ घरांत हिवाळ्यात २ वर ठेवलेले बटण मे महिन्यातही २ वरच असते. फ्रिजमध्ये ठेवायचा साधा तापमापक फार महाग नसतो. तो पाण्याच्या पेल्यात बुडवून पेला मधल्या फळीवर रात्रभर ठेवावा आणि सकाळी दार उघडताच आकडा वाचावा. चार अंश किंवा खाली असेल तर उत्तम. आठ-दहा असेल तर तो फ्रिज नसून गार कपाट आहे असे समजावे. ताप मोजायला घरोघर थर्मामीटर असतो, मग सगळ्या घराचे अन्न ज्यात राहते त्याचा ताप का मोजू नये?

दाराचे रबर सैल झाले असेल तरी गारवा टिकत नाही. कागदाची चिठ्ठी दारात अडकवून दार लावावे. ती सहज ओढून निघाली तर रबर बदलण्याची वेळ झाली. बर्फाचा थर पाव इंचाहून जाड झाला की तो वितळवून टाकावा.

वीज गेली की काय?

२००५ नंतरची काही वर्षे आपण भारनियमनात काढली. तेव्हा वीज जाण्याच्या वेळा घरोघरी पाठ असत आणि गृहिणी त्या बेताने स्वयंपाक करीत. आता वीज तशी रोज ठरलेल्या वेळी जात नाही. पण वळवाचा पाऊस आला, वाऱ्याने फांदी पडली की चार-सहा तास कशाला म्हणतात ते कळते. फरक एवढाच की आता आपण सावध नसतो.

वीज गेली तर पहिला नियम हा की दार उघडू नये. न उघडलेला फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो. बर्फाचा कप्पा गच्च भरलेला असेल तर दोन दिवस, अर्धा असेल तर एक दिवस गोठलेला राहतो. पण हे आकडे मोठ्या, स्वतंत्र दाराच्या कप्प्याचे आणि सौम्य हवेतले आहेत. आपल्या एका दाराच्या फ्रिजमधील छोट्या कप्प्याचा एवढा भरवसा धरू नये. चार तासांहून अधिक वीज नव्हती, तर शिजवलेला भात, आमटी, दुधाचे पदार्थ, मटण हे पुन्हा गार करून जपून ठेवण्याच्या भानगडीत पडू नये.

गावाला जाताना एक सोपी युक्ती करावी. वाटीत पाणी घालून बर्फ करावा आणि त्यावर एक रुपयाचे नाणे ठेवावे. परत आल्यावर नाणे वर असेल तर ठीक. नाणे बर्फात खाली गेलेले दिसले तर आपल्या मागे वीज बराच वेळ गेली होती आणि सगळे वितळून पुन्हा गोठले, असे समजावे. नाणे खोटे बोलत नाही.

आजीचे शहाणपण

इथे आपल्या जुन्या लोकांची आठवण होते. त्यांच्याकडे फ्रिज नव्हता, पण अन्न टिकवण्याचे शास्त्र होते. सोलापूरची कडक भाकरी घ्या. ज्वारीची पातळ भाकरी भाजून, सुकवून तिच्यातली ओल काढून टाकली की ती कित्येक दिवस टिकते. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या गाठोड्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असली की त्याला पोटाची काळजी नसे. पापड, कुरडया, सांडगे ही सगळी ओल काढण्याचीच तऱ्हा. लोणच्यात मीठ, आंबटपणा आणि वर तेलाचा थर. जंतूंना लागणाऱ्या तीन गोष्टींपैकी जुन्या लोकांनी ओल काढून घेतली. ओल एकदा गेली की ती वीज गेल्याने परत येत नाही.

फ्रिज ऊब काढून घेतो, पण ती उसनवारीची गोष्ट आहे. तार तुटली की ऊब परत. म्हणून फ्रिज आल्यामुळे जुनी रीत टाकून देण्याचे कारण नाही. आपल्या कोरड्या हवेला कोरडे पदार्थ मानवतात. कडक भाकरी फ्रिजमध्ये ठेवून दमट करू नये आणि चटणीच्या बरणीत ओला चमचा घालू नये. जे कोरडे आहे ते बाहेर, जे ओले आहे ते आत, आणि जे आत आहे ते लवकर संपवायचे, असा साधा विभाग करावा.

ठेवावे कसे?

"गरम पदार्थ फ्रिजमध्ये ठेवला तर फ्रिज बिघडतो" या भीतीने अन्न रात्रभर ओट्यावर राहते. वाफाळते मोठे पातेले आत ठेवू नये हे खरे, कारण त्याने शेजारचे पदार्थही कोमट होतात. पण उपाय वाट पाहण्यात नाही, लवकर गार करण्यात आहे. उरलेला भात परातीत पसरावा. आमटी दोन-तीन उथळ डब्यांत वाटून घ्यावी. डबा गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळावे. वाफ निघून गेली की झाकण लावून आत ठेवावा. मोठ्या खोल पातेल्यातील भात वरून गार लागला तरी पोटात तासन् तास कोमट असतो आणि तेच जंतूंचे माहेरघर!

आत ठेवतानाही रचना असावी. मटण, कोंबडी, मासे घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवावेत. एका दाराच्या फ्रिजमध्ये ते वरच्या कप्प्यात ठेवले आणि पिशवीतून रस ठिबकला, तर तो थेट खालच्या दुधात, दह्यात किंवा कापून ठेवलेल्या फळांत पडतो. शिजवलेले आणि कच्चे शेजारी शेजारी उघडे ठेवू नये. गोठलेले मटण सकाळपासून ओट्यावर ठेवून वितळवू नये. आदल्या रात्री खालच्या फळीवर ठेवावे. दाराचा कप्पा सर्वांत उबदार, म्हणून दूध मधल्या फळीवर बरे. आणि फ्रिज ठासून भरू नये. आत गार हवा फिरायला वाट हवी.

किती दिवस ठेवावे? परदेशी पुस्तकांत तीन-चार दिवसांची मुदत दिलेली आढळेल. आपली हवा, आपली वीज आणि दिवसातून पन्नास वेळा उघडणारे आपले दार पाहता मी सांगेन: भात दुसऱ्या दिवशीपर्यंत, भाजी-आमटी फार तर दोन दिवस. तापवायचे ते एकदाच, वाटीपुरते काढून, चांगली उकळी येईपर्यंत. सगळे पातेले तापवून, थोडे खाऊन, उरलेले परत आत ठेवणे हा खेळ करू नये. डब्यावर कागदाची चिकटपट्टी लावून वार लिहावा. 'रविवार' असे लिहिलेले असले की बुधवारी वाद होत नाही.

थंडीला न भिणारा जंतू

बहुतेक जंतू थंडीत मंदावतात, पण 'लिस्टेरिया' नावाचा एक जंतू फ्रिजच्या चार अंशांतही सावकाश वाढत राहतो. कॅनडात १९८१ साली शीतगृहात साठवलेल्या कोबीपासून केलेल्या कोशिंबिरीतून त्याची साथ पसरली. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये तयार मांसपदार्थांतून पसरलेल्या साथीत हजाराहून अधिक माणसे आजारी पडली आणि दोनशेहून अधिक दगावली. या जंतूचा सर्वाधिक धोका गरोदर स्त्रीला, नवजात बाळाला आणि वृद्धांना. आईला साधा ताप येतो आणि पोटातले बाळ जाते, असे होऊ शकते. म्हणून घरात गरोदर स्त्री असेल तर तिच्या ताटात ताजे, गरम अन्नच वाढले पाहिजे. कच्चे दूध, कच्च्या दुधाचे पनीर, दोन दिवसांचे कापलेले फळ हे तिच्यासाठी नाही.

शिळे कुणी खायचे?

आता थोडे कडू बोलतो. फ्रिज बहुतेक घरांत येतो तो गृहिणीची दगदग कमी व्हावी म्हणून. पण त्याच्या शेवटच्या फळीवरील तिसऱ्या दिवसाची वाटी कोणाच्या ताटात जाते? मुलांच्या नाही, नवऱ्याच्या नाही, पाहुण्यांच्या तर नाहीच नाही. ती जाते आईच्या किंवा सुनेच्या ताटात. पूर्वी शिळे रात्रीचे सकाळी संपे. फ्रिजने त्या शिळ्याचे आयुष्य तीन-चार दिवसांनी वाढवले आणि ते संपवण्याची जबाबदारी एकटीवर टाकली. आणि जिथे तीही नको म्हणते, तिथे ते कामवाल्या मावशींच्या डब्यात जाते. जे आपल्या मुलाला देणार नाही ते दुसऱ्याच्या मुलाला देणे याला दान म्हणत नाहीत.

सासूबाईंचे दुःख मला कळते. दुष्काळ पाहिलेल्या या जिल्ह्यात अन्न टाकणे हे पाप वाटते आणि ते वाटलेच पाहिजे. पण मग मोजून शिजवा. उरले तर त्याच रात्री शेजारी द्या, तासाभरात गार करून ठेवा, दुसऱ्या दिवशी सर्वांनी मिळून खा. दोन मुठी भात वाचवायला गेलो आणि सलाइनला पैसे घातले, शिवाय घरच्या लक्ष्मीचे हाल केले, यात बचत कुठे झाली? अन्नाचा मान राखायचा तो ते ताजे असताना. चौथ्या दिवशी ते कुणाला तरी खायला लावून नव्हे.

पाणी, बर्फ आणि औषधे

आपल्या शहरात वर्षानुवर्षे नळाला रोज पाणी येत नसल्याने ते पिंप-हंड्यांत साठवावे लागले आहे. ते पाणी बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवले की शुद्ध झाले असे अनेकांना वाटते. गारव्याने विषमज्वराचे, काविळीचे जंतू मरत नाहीत. बर्फातही नाही. आधी पाणी उकळून गार करावे किंवा गाळून निर्जंतुक करावे, मगच बाटली भरावी. घरातल्या सर्वांनी एकाच बाटलीला तोंड लावण्याची सवय मोडावी. बाटल्या आठवड्यातून एकदा तरी आतून घासाव्यात.

मधुमेही वाचकांसाठी एक सूचना. इन्शुलिनची न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते. बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून ठेवू नये. एकदा गोठलेले इन्शुलिन पुन्हा पातळ झाले तरी निकामी होते. ते घेत राहिल्यास साखर वाढते आणि कारण कळत नाही. वापरात असलेली बाटली पुष्कळदा बाहेर चालते, पण ते २५ किंवा ३० अंशांच्या आत. आपल्या उन्हाळ्यात खोली याहून तापते, तेव्हा ती मधल्या फळीवर डबीत ठेवावी. प्रत्येक औषध मात्र फ्रिजमध्ये ठेवायचे नसते. गोळ्यांना आतली ओल बाधते. वेष्टनावर लिहिले असेल तरच ठेवावे.

वीज आणि गॅस

फ्रिजला तीन पिनांचाच प्लग हवा आणि घराचे अर्थिंग चांगले हवे. ओल्या हाताने, फरशी पुसलेली असताना अनवाणी दार उघडून झटका बसल्याच्या तक्रारी ऐकू येतात. असा झुणझुणाट जाणवला तर त्याच दिवशी वायरमनला बोलवावे. बर्फ निघत नाही म्हणून सुरीने किंवा उलथन्याने खरवडू नये. पत्र्याला भोक पडले तर आतला वायू निघून जातो आणि हल्लीच्या अनेक फ्रिजमधील 'आर-६००ए' हा वायू ज्वालाग्राही असतो.

स्वयंपाकघरात गॅसचा वास आला तर फ्रिजचे दार उघडू नये, बटण चालू-बंद करू नये. फ्रिज आपला आपण चालू-बंद होताना ठिणगी पडू शकते आणि सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. जुना फ्रिज अंगणात किंवा गच्चीवर टाकून दिला असेल तर त्याचे दार काढून ठेवावे. लपाछपी खेळताना मुले अशा फ्रिजमध्ये कोंडून दगावल्याने अमेरिकेला १९५६ साली आतून उघडणाऱ्या दाराचा कायदा करावा लागला होता.

शेवटी

वाचकहो, फ्रिज वाईट नाही. दूध नासत नाही, मुलांना गार ताक मिळते, नोकरी करणाऱ्या बाईला रोज दोन वेळा भाजी चिरावी लागत नाही, हे सगळे त्याचे उपकारच आहेत. पण तो नोकर आहे, वैद्य नव्हे. आपण जे देऊ ते तो काही काळ सांभाळील, बिघडलेले सुधारून देणार नाही.

या रविवारी एक काम करा. फ्रिज उघडा आणि सगळे बाहेर काढा. कधी ठेवले हे ज्याचे सांगता येत नाही ते टाकून द्या. आतून सोडा घातलेल्या कोमट पाण्याने पुसा. तापमापक ठेवा. चिकटपट्टी आणि पेन दाराशी बांधून ठेवा. आणि हे काम घरातल्या पुरुषांनी करावे अशी माझी सूचना आहे. आपल्या घरातली बाई आजवर काय काय संपवत आली, ते त्यांना त्या निमित्ताने दिसेल.